तीस परवाने आणि एक उरलेला खडा

ती घटना मला आजही लख्ख आठवते, आणि आठवली की आधी माझं मलाच हसू येतं. नोकरीत मी चोर पुष्कळ पाहिले, काही पकडलेही. पण नातवंडं मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात ती ही एकच हकीकत, कारण हिच्यात आजीची फजिती आहे.

निजामाची अमदानी होती. आपला हिंगोलीचा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात मोडायचा. साखरा गावाच्या अंगाला एका डोंगराखाली आमचं ठाणं होतं. ठाण्याचं आणि माणसांचं नाव सांगत नाही. त्यांची लेकरंबाळं अजून तिथंच नांदतात.

बायकांना पोलिसात घेण्याची पद्धत तेव्हा नव्हती. पण बाईची झडती बाईनंच घ्यावी असा दंडक होता, म्हणून ठाण्याला एक झडतीवाली लागे. ठाण्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अमीन म्हणत. माझे मालक त्याच ठाण्यात जवान, मी चौथी शिकलेली, म्हणून अमीनसाहेबांनी ती जागा मला दिली. वय वीस. अंगावर हुकूमत चढायला एवढं पुरतं. मला पितळेचा एक बिल्ला मिळाला होता. तो मी चिंचेनं घासून पदरावर लावायची आणि चुलीपुढं बसतानाही काढत नसे. सासूबाई म्हणायच्या, "काहून गं, भाकरीला अटक करून राहिली का?"

डोंगर सरकारी शिकारीसाठी राखलेला होता. वर जनावरं होती, एक झरा होता आणि झऱ्याकाठी देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला गोल दगड. नवरात्रात आसपासच्या गावच्या आणि तांड्यांवरच्या बायका डोंगर चढून देवीला जायच्या. ही चढण बायकांचीच. पुरुष खाली बैलगाड्यांपाशी थांबत. आजवर कुणी अडवलं नव्हतं. त्या साली मात्र वरून हुकूम आला की डोंगरावर जनावरांना त्रास होतो, तेव्हा परवान्याशिवाय कुणी चढायचं नाही. परवाने मोजून तीस, आणि प्रत्येक परवाना नऊ दिवस चालणारा. ते आमच्या ठाण्यातून द्यायचे होते.

परवाने लिहायचं काम मुन्शीजींकडं होतं. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा. मला उर्दूची मुळाक्षरं शिकवली ती त्यांनीच. दुपारी काम नसलं की पाटीवर अलिफ-बे काढून घ्यायचे आणि चुकलं की म्हणायचे, "बेटी, ये अलिफ है, लाठी नक्को बनाओ."

परवान्यावर 'हुलिया' नावाचा एक रकाना होता, म्हणजे माणूस ओळखण्याची खूण. बायका मुन्शीजींसमोर तोंड उघडं करायच्या नाहीत, म्हणून मध्ये एक चादर टांगली. पलीकडं मुन्शीजी, अलीकडं मी आणि बायका. मी बाईला निरखायची, खूण ओरडून सांगायची, मुन्शीजी लिहायचे.

पहिल्या दोघींचे हुलिये मी मोठ्या हौसेनं सांगितले. मग ऊन वाढलं, रांग वाढली, आणि मला कंटाळा आला. मुलखातल्या सगळ्या बायकांना गोंदणारणी ठरलेल्या, गोंदण ठरलेलं. "हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळस!" मी ओरडायची. पुढची आली की, "हिचं बी तेच!" तांड्यावरच्या बायका आल्या की, "कोपरापर्यंत बांगड्या!" मुन्शीजींनी एकदा चादरीपलीकडून विचारलंसुद्धा, "बेटी, सब के सब वैसेच हैं क्या?" मी बिल्ल्यावरून हात फिरवत म्हणाले, "मुन्शीजी, मी डोळ्यानं पाहून राहिले ना?"

डोंगराच्या पायथ्याशी नाका होता. तिथला नाकेदार भला माणूस. त्याला वाचता येई, पण लिहायचा भारी कंटाळा. त्यानं एक मातीचं गाडगं ठेवलं होतं. बाई परवाना दाखवून वर गेली की तो गाडग्यात एक खडा टाकी.

पाच दिवस सुरळीत गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी जवळच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले. फेटा हातात घेतलेला, म्हणजे मामला गंभीर.

"साहेब, आमच्या गावाला परवाने भेटले तीन," ते म्हणाले, "पर डोंगर चढून आलेल्या बायका धाच्या वर हाईत. माझ्या घरची बी जाऊन आली. तिच्या नावाचा कागद न्हाई."

"मग कशी गेली? तिला विचारलं का नाही?"

"विचारलं ना. म्हणती, देवीला विचारा."

अमीनसाहेब हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. त्यांनी नाकेदाराला गाडग्यासकट बोलावलं आणि ते टेबलावर पालथं केलं. खडे शंभराच्या वर भरले. तीस परवाने आणि शंभरावर बायका! कुणीतरी नकली परवाने काढून वाटतं आहे, याबद्दल साहेबांची खात्री झाली. सहाव्या दिवशी सकाळी नाका बंद झाला. गावोगावच्या पाटलांमार्फत परवाने जमा करायला माणसं धावली. दुपारपर्यंत कागदांची चळत टेबलावर आली. मोजले तर बरोबर तीस. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

साहेब कोड्यात पडले. आणि इथं मी पुढं सरसावले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बिल्ला होता ना!

मी कागद उलटसुलट पाहिले. मागच्या बाजूला लालसर डाग होते. कुठं दोन, कुठं तीन, कुठं चार. ठाण्याची मोहर काळ्या शाईची. मग हा लाल रंग कुठला?

"साहेब, ही दुसरी शाई हाय," मी म्हणाले. "नमुन्याला अस्सल कागद धरून नकली मोहर मारली, तवा डाग पडले. नकली कागद बायकांनी फाडले, अस्सल जमा केले."

माझं मलाच कौतुक वाटलं. साहेबांनी मुन्शीजींच्या मेजाचा खण उघडायला लावला. आत लाल शाईची दौत होती. मथळे लिहायला ते ती वापरत, हे ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पण संशय आला की माहीत असलेली गोष्टही अनोळखी दिसायला लागते. परवाने लिहिणारा हात एकच, मोहर सांभाळणाराही तोच.

पंचनामा झाला. आठव्या दिवशी सकाळच्या मोटारीनं मुन्शीजींना बेड्या घालून परभणीला पाठवायचं ठरलं. नोकरी जाणार, वर खटला. त्यांना हवालातीत टाकण्यापूर्वी अंगावरच्या वस्तू जमा करायच्या होत्या. यादी लिहायला मीच बसले. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाले, "बेटी, तूने जो देखा सो कहा. दोरा जरा संभालना, कच्चा है."

मी लिहिलं, 'चष्मा एक, दोरा बांधलेला.' त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांत लिहिलं. बिल्ल्याचं वजन त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

सातव्या दिवशी सकाळी पाटलीणबाईंना जबानीसाठी बोलावलं. बाईची जबानी, म्हणून काम माझ्याकडं आलं. पाटलीणबाई चाळिशीच्या, अंगानं भरलेल्या, चालताना जमीन आपल्याच नावावर असल्यासारख्या. आल्या, ओट्यावर ऐसपैस बसल्या आणि माझ्या बिल्ल्याकडं पाहून म्हणाल्या, "लई चमकून राहिलं गं. चिंच लावती का राख?"

मी आवाज जाड केला. "नाव सांगा."

"कोणाचं? मालकाचं मी घ्यायची न्हाई, आन् माझं तुला ठावं हाय. मागल्या मंगळवारी माझ्या हातची भाकर खाऊन गेलीस."

"मी इथं सरकारी कामावर हाय."

"व्हय का? मंग भाकर बी सरकारी व्हती?"

दाराशी उभा असलेला जवान खोकल्याचं सोंग करून बाहेर गेला. मी तसंच रेटलं.

"डोंगर चढलात?"

"चढले."

"परवाना होता?"

"व्हता की. त्याबिगर नाकेदार सोडतो का?"

"कोणी दिला?"

"सरकारनं. वर शिक्का व्हता, बराबर."

"तुमच्या हातात कोणी दिला?"

पाटलीणबाई ओट्याखालच्या मुंग्या बघायला लागल्या. "हे मातर सांगायची न्हाई. आणखी कोणाला तकलीफ काहून द्यायची?"

दुपारपर्यंत मी दरडावलं, गोडीनं विचारलं, देवीची शपथ घातली. बाई ढिम्म. उन्हानं दोघींचे चेहरे घामानं निथळत होते. शेवटी त्या म्हणाल्या, "पोरी, तोंड तरी धुवू दे." मी तांब्या दिला. तोंड धुताना कपाळाचं कुंकू गेलं. सवाष्ण बाई मोकळ्या कपाळानं सरकारदरबारी बसणार नाही. "तुझा करंडा दे बरं जरा," त्या म्हणाल्या.

मी कनवटीचा छोटा करंडा काढून दिला. त्यांनी बोट बुडवलं, कपाळावर कुंकू रेखलं, झाकण लावलं. आणि परत देण्याआधी, अगदी सवयीनं, बोटावर उरलेलं कुंकू झाकणावर टेकवलं.

झाकणावर एक लालसर ठिपका उमटला.

मी त्या ठिपक्याकडं बघतच राहिले. आमच्या मुलखात मागून आणलेली वस्तू कोरडी परत करत नाहीत. सूप नेलं तर चार दाणे घालून देतात. नथ किंवा जरीचं लुगडं लग्नाकार्याला मागून नेलं, तर परत करताना त्याला कुंकवाचं बोट लावतात. मी स्वतः तीन नथा आणि एक पैठणी मागून संसार केलेली बाई. रोज कुंकू लावणारी. आणि कागदावरचं कुंकू बघून मी काय म्हणाले? दुसरी शाई!

"मावशी," माझ्या आवाजाचा सगळा जाडपणा गेला, "तुम्ही परवाना मागून नेला?"

पाटलीणबाई पुन्हा मुंग्या बघायला लागल्या.

"नथीसारखा?"

"मंग?" त्या फिस्कारल्या. "गावात तीन कागद आन् ईस बाया. शेजारणीची नथ चालती, लुगडं चालतं, कागद काहून न्हाई? एकीनं जाऊन यायचं, दुसरीला द्यायचा. हुलिया तूच असा केला की साऱ्याच बसतात त्याच्यात! नाकेदार वाचतो, हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळस. मी हात पुढं केला. तुळस न्हाई का माझ्या हातावर?"

त्या पुढं म्हणाल्या, "चोरी केली का कोणी? हे सांगितलं तर डोंगर बंद करतील, म्हणून तोंड शिवून बसलो. दोन दिस राह्यलेत. आमच्या पाच-सा जणी राह्यल्यात जायच्या."

"मावशी, मुन्शीजी हवालातीत हाईत. नकली परवाने इकले म्हणून."

त्या ताडकन उठल्या. "त्यो म्हातारा? अगं, त्यानं तर आमचं तोंड बी पाह्यलं न्हाई! कोणी घातलं त्याला आत?"

मी बिल्ला पदराआड केला.

पाटलीणबाई स्वतःच पुढं होऊन अमीनसाहेबांच्या खोलीत शिरल्या. पदर सारखा केला, पाठ फिरवून उभ्या राहिल्या आणि भिंतीकडं तोंड करून सगळी हकीकत सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कहानी अच्छी है. सबूत?"

सबूत गाडग्यात होतं. मी परवाने टेबलावर पसरले, उलटे करून. नाकेदार गाडगं घेऊन बसला. प्रत्येक कुंकवाच्या ठिपक्यावर एक खडा ठेवायचा असं ठरलं. साहेब स्वतः खुर्चीतून उठले आणि ठेवायला लागले. एवढा कडक माणूस, पण खडे मांडताना जीभ दाताखाली धरलेली. सगळ्या ठिपक्यांवर खडे बसले, तरी गाडग्यात बरेच उरले.

"ये बाकी के?" साहेबांच्या कपाळाला आठी पडली.

भिंतीकडं तोंड करूनच पाटलीणबाई म्हणाल्या, "साहेब, जिच्या नावाचा कागद ती बी एकदा जाऊन आलीच ना? आपल्याच नथीला कोणी कुंकू लावतं का?"

खरंच की! मग प्रत्येक परवान्याच्या मधोमध मालकिणीचा म्हणून एकेक खडा ठेवला. तीस कागद, तीस खडे. नाकेदारानं गाडगं पालथं केलं. खडखड करत एक खडा बाहेर पडला आणि टेबलावर फिरत राहिला.

एक उरला.

साहेबांनी पुन्हा ठिपके तपासले. भिंग आणवलं. एखादा पुसट ठिपका राहिला असेल म्हणून मीही डोळे फोडून शोधत होते. नाही. एक बाई बिनपरवान्याची वर गेली होती. एक म्हणजे एकच, पण एक सापडली तर नकली परवाना असू शकतो. मुन्शीजी सुटत नव्हते.

"नाकेदार, ये कौन?"

नाकेदार पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि मला आठवलं.

तिसऱ्या दिवशी मी डोंगरावर गेले होते. घरी सांगितलं बंदोबस्ताला जाते. खरं म्हणजे वर जमलेल्या बायकांनी माझा बिल्ला बघावा, एवढाच बंदोबस्त होता. नाक्यावर नाकेदारानं विचारलं, "बाई, परवाना?" मी पदर झटकून बिल्ला दाखवला आणि म्हणाले, "डोळे फुटले का तुझे?" वर पोचेपर्यंत दोनदा घसरले आणि येताना निम्मी उतरण बसूनच उतरले. ते कुणी पाहिलं नाही म्हणून मी विसरून गेले होते. इमानी नाकेदारानं खडा मात्र टाकला होता.

खोटं बोलायची संधी होती. नाकेदारही बोलला नसता. पण समोर टेबलाच्या कोपऱ्यावर जमा केलेल्या वस्तू होत्या आणि त्यांत तो दोरा बांधलेला चष्मा होता.

"साहेब," मी म्हणाले, "तो खडा माझा हाय."

मग भिंतीकडून पाटलीणबाईंचा पदर हलायला लागला. हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. नाकेदार फिदीफिदी हसला. आणि अमीनसाहेब, जे कधीच हसत नसत, ते खुर्चीत बसले, रुमाल तोंडाला लावला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"वा जी झडतीवाली," ते म्हणाले. "हुलिया तुम्हारा, शाई तुम्हारी, चोरी भी तुम्हारी!"

मुन्शीजींना बाहेर आणलं. चष्मा मी दिला, खाली मान घालून. त्यांनी दोरा तपासला, कानामागं अडकवला, पसरलेले खडे पाहिले आणि हकीकत ऐकली. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त वरून आलेला हुकूम मागितला आणि तो डोळ्यांशी धरून हळूहळू वाचला. हुकमात लिहिलं होतं की एका दिवसात तीसपेक्षा जास्त माणसं डोंगरावर नसावीत. परवाने तीस काढायचे ते त्याचसाठी.

"हुजूर," मुन्शीजी म्हणाले, "एक परवाना, एक दिन, एक औरत. इन औरतों ने तो हुकूम तोडाच नहीं."

खरंच तोडला नव्हता. मी गेले त्या दिवशी एकतिसावी झाले की काय, ते देवीला ठाऊक.

साहेबांनी रोजनाम्यात नोंद केली की परवाने अस्सल, मोहर अस्सल, खडे बराबर. परभणीच्या मोटारीत मुन्शीजींऐवजी एक लखोटा गेला. उरलेले दोन दिवस नाका उघडला, पाटलीणबाईंच्या पाच-सहा जणीही जाऊन आल्या. मला शिक्षा झाली ती अशी की दोन्ही दिवस उन्हात नाक्यावर उभं राहून प्रत्येक बाईचा हुलिया नव्यानं सांगायचा, आणि एकीचा दुसरीसारखा आला तर पुन्हा बघायचं. तेव्हा मी पहिल्यांदा माणसं निरखून बघायला शिकले. कुणाच्या भुवईत व्रण होता, कुणी डाव्या पायावर जास्त भार देत होती, कुणी हसताना फक्त एक गाल हलवी. पुढं राज्य बदललं, बायकांना पोलिसात रीतसर घ्यायला लागले, मी जमादार होऊन निवृत्त झाले. नोकरीत ज्याच्या जिवावर निभावलं ते शिक्षण त्या दोन दिवसांचं. दुसरी एक सवय लागली. गुन्ह्यात वस्तू सापडली की तिच्यात गुन्हा शोधण्याआधी मी विचारायची, ही घरात रोज कुणाच्या हाताखाली असते? निम्मी प्रकरणं तिथंच उलगडायची.

रोजनाम्यात तो जास्तीचा खडा तसाच ठेवणं साहेबांना पटेना. त्यांनी मुन्शीजींना सांगून माझ्या नावाचा एक परवाना मागाहून लिहून घेतला. हुलियाच्या रकान्याशी मुन्शीजी थांबले. आता मध्ये चादर नव्हती. त्यांनी चष्म्यावरून मला नीट न्याहाळलं, बराच वेळ लिहिलं आणि कागद माझ्या हातात दिला. मी अक्षरं जुळवत वाचलं, 'रोज कुंकू लावते, पण ओळखत नाही.'

तो परवाना अजून माझ्या पेटीत आहे. मालकिणीनं आपल्या वस्तूला कुंकू लावायचं नसतं, म्हणून त्याच्यावर एकही ठिपका नाही. कुणाला लागला तर मागून न्या. हुलिया पुष्कळांना लागू पडेल.